निर्वासित विद्यार्थी आणि ग्रंथालयसेवा

निर्वासित विद्यार्थी आणि ग्रंथालयसेवा : युद्ध, छळ किंवा राजकीय सूडबुद्धी यांमुळे देश सोडावा लागलेल्यांना परक्या मुलखात उच्च शिक्षण घेता यावे, अर्धवट राहिलेले पुरे करता यावे, म्हणून विद्यापीठांची आणि गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये जी सोय करतात, तिची ही नोंद आहे. आश्रयाचा अर्ज मंजूर झालेला तो निर्वासित. अर्ज केला आहे पण निकाल लागायचा आहे तो आश्रयार्थी. फी किती, शिष्यवृत्ती मिळेल का, नोकरी करता येईल का आणि ग्रंथालयाचे कार्ड कोणते, हे सारे या फरकावर ठरते.

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाविसाव्या कलमात परदेशी पदव्यांची मान्यता, फीमाफी आणि शिष्यवृत्त्या यांचा उल्लेख आहे. १९९७ च्या लिस्बन कराराने त्यापुढे जाऊन, कागदपत्रे हरवलेल्या निर्वासितांचे शिक्षण तपासून पाहण्याची पद्धत घालून द्यावी, असे सदस्य देशांना सांगितले. ग्रंथालयाचा शब्द मात्र १९५१ च्या त्या कलमात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या २०२४ च्या अहवालानुसार निर्वासित तरुणांपैकी सुमारे ७ टक्के उच्च शिक्षणापर्यंत पोचत होते. २०३० पर्यंत हे प्रमाण १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. जगातल्या एकूण तरुणांत ते ४० टक्क्यांच्या पुढे आहे.

ग्रंथालय आणि परागंदा माणूस यांचे नाते मात्र करारांपेक्षा जुने आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमचे ग्रंथालय ज्याने घडवले तो अँटोनिओ पानिझी हा स्वतःच इटलीतून पळून आलेला राजकीय निर्वासित होता. मोडेनाच्या सरकारने १८२३ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला फाशीची शिक्षा फर्मावली, त्याच वर्षी तो इंग्लंडला पोचला. लिव्हरपूलमध्ये इटालियनच्या शिकवण्या करून त्याने दिवस काढले, १८३१ मध्ये म्यूझियमच्या ग्रंथालयात त्याला जागा मिळाली आणि १८५६ मध्ये तो तिथला प्रमुख ग्रंथपाल झाला. गरीब विद्यार्थ्याला देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाइतकीच पुस्तके हाताशी असली पाहिजेत, अशी भूमिका त्याने १८३६ मध्येच संसदीय समितीपुढे मांडली होती. १८५७ मध्ये उघडलेली गोल वाचनशाळा त्याच्याच कल्पनेतून उभी राहिली. कार्ल मार्क्सला म्यूझियमचे वाचक-कार्ड त्याआधीच, १८५० मध्ये, मिळाले होते.

लेनिनचा अनुभव आजच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. १९०२ च्या एप्रिलमध्ये याकोब रिश्टर या नावाने त्याने याच वाचनशाळेच्या कार्डासाठी अर्ज केला. शिफारस देणाऱ्या कामगार पुढाऱ्याचा पत्ता लंडनच्या डिरेक्टरीत सापडला नाही, म्हणून तो अर्ज परत आला. त्या पुढाऱ्याच्या संघटनेच्या कार्यालयाचा पत्ता असलेले दुसरे पत्र दिल्यावर कार्ड मिळाले. पत्त्याचा पुरावा ही अडचण तेव्हापासून आजतागायत तशीच चालत आली आहे.

कधी अख्खे ग्रंथालयच निर्वासित होते. हँबर्गमधील वारबुर्ग ग्रंथालयाची सुमारे ६०,००० पुस्तके नाझी राजवटीच्या पहिल्याच वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, दोन बोटींतून लंडनला हलवण्यात आली. १९४४ मध्ये ही संस्था लंडन विद्यापीठात सामील झाली. हाकलल्या गेलेल्या प्राध्यापकांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये स्थापन झालेली संस्थाही १९३३ चीच. आज ती ‘कारा’ या नावाने काम करते.

ब्रिटनचे उदाहरण पुढेही धरून चालणे सोयीचे आहे, कारण तिथे गरज, नियम आणि उपाय हे तिन्ही स्पष्ट दिसतात. आश्रयार्थीला तिथे सहसा नोकरी करता येत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी शैक्षणिक कर्ज त्याला मिळत नाही आणि फी बहुधा परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे कित्येक पटींनी जास्त, आकारली जाते. सरकारी मदत २०२४ मध्ये आठवड्याला माणशी ४९.१८ पौंड होती. एखाद्या विषयाचे जाडजूड पाठ्यपुस्तक या रकमेत जेमतेम बसते. १९९९ च्या कायद्यानुसार राहण्याचे गाव सरकार ठरवते. लंडनमध्ये उतरलेल्या माणसाची पाठवणी पार उत्तरेकडच्या एखाद्या शहरात होऊ शकते, आणि तिथूनही पुन्हा हलवले जाते. अर्ज मंजूर झाला की आनंदाबरोबर नोटीसही येते : आश्रयार्थी म्हणून मिळणारे घर आणि भत्ता, नेहमीच्या नियमाप्रमाणे, २८ दिवसांत बंद. परीक्षा नेमक्या याच महिन्यात आल्या, तर टेबल, दिवा आणि ऊब असलेली एकच खात्रीची जागा उरते, ती ग्रंथालयाची.

पण आत शिरायचे कसे? काउंटरवरचा छापील फॉर्म पाहावा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट. तो गृहखात्याने ठेवून घेतलेला. पत्त्यासाठी वीजबिल किंवा बँकेचे पत्र. वसतिगृहात किंवा हॉटेलात ठेवलेल्या माणसाच्या नावावर वीजबिल कुठून येणार, आणि बँक खाते उघडणेही त्याला सोपे नसते. वर बाहेरच्या वाचकासाठी वार्षिक वर्गणी. आश्रयार्थीकडे असते ते अर्जनोंदणीचे प्लास्टिकचे कार्ड, त्यावर फोटो आणि जन्मतारीख. ते ओळखीचा पुरावा म्हणून चालेल, पत्ता नसला तरी एखाद्या मदतसंस्थेचे पत्र पुरेल, वर्गणी माफ, उशिराचा दंड माफ : एवढे चार बदल केले की दार उघडते. यांना इमारत लागत नाही, मोठे अनुदानही लागत नाही. ग्रंथपालाची सही आणि काउंटरवरच्या माणसाला दिलेली स्पष्ट सूचना पुरते. ती सूचना खालपर्यंत पोचली नाही तर ठराव फाइलीत राहतो आणि माणूस दारातून परत जातो.

शेफील्डमध्ये २००५ साली सुरू झालेल्या ‘सिटी ऑफ सँक्च्युअरी’ या चळवळीने शहरांप्रमाणे विद्यापीठांना आणि ग्रंथालयांनाही ‘आश्रयस्थान’ असा दर्जा द्यायला सुरुवात केली. ग्रंथालयांत हा मान पहिल्यांदा मिळाला तो स्मेदिकच्या थिम्बलमिल ग्रंथालयाला, म्हणजे एखाद्या नामांकित विद्यापीठाला नव्हे, तर कामगारवस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयाला.

खरी गाठ आहे ती इलेक्ट्रॉनिक साहित्याची. छापील पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे असते, ते कोणाला द्यायचे हे ग्रंथपाल ठरवू शकतो. संशोधन-नियतकालिके आणि ई-पुस्तके मात्र प्रकाशकाकडून परवान्यावर घेतलेली असतात आणि ती कोणी वाचायची हे परवान्यात लिहिलेले असते : नोंदणीकृत विद्यार्थी आणि कर्मचारी. बाहेरच्या माणसासाठी बऱ्याच परवान्यांत एक फट ठेवलेली असते. तो इमारतीत येऊन, तिथल्याच संगणकावर बसून वाचू शकतो. घरून लॉगिन मिळत नाही. शहराबाहेर वसतिगृहात राहणाऱ्या, बसच्या भाड्याचा हिशेब करणाऱ्या आश्रयार्थीला ही सवलत फारशी उपयोगी नाही. त्यातही पाहुण्यांसाठी ठेवलेले संगणक एखाददुसरेच असतात, प्रिंट काढायला वेगळे कार्ड लागते आणि पेनड्राइव्हवर फाइल उतरवून घ्यायला कुठे परवानगी असते, कुठे नसते.

यावर सरळ मार्ग असा : शिष्यवृत्तीवरील, पूर्वतयारी-वर्गातील किंवा एखाद्याच विषयापुरत्या प्रवेश दिलेल्या आश्रयार्थींना विद्यापीठाने आपल्या यादीत रीतसर विद्यार्थी म्हणून घ्यावे, म्हणजे परवान्याच्या भाषेत ते ‘अधिकृत वापरकर्ते’ होतात. काही विद्यापीठे हे करतात. इतरत्र परवान्याच्या वाटाघाटींत निर्वासितांचा उल्लेख घालून घ्यावा लागतो आणि त्याला ग्रंथालयांच्या संघटनांचा जोर हवा. मुक्त प्रवेशाची नियतकालिके वाढली हे खरे, पण वैद्यक, अभियांत्रिकी आणि कायदा यांची पाठ्यपुस्तके अजून कुलपातच आहेत.

पुढची मदत नेहमीच्या विद्यार्थ्यांसारखीच, फक्त जास्त सबुरीची. दमास्कस किंवा काबूलमध्ये चांगले गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यालाही संदर्भ देण्याची ठरावीक पद्धत, वाङ्मयचौर्य तपासणारी संगणकप्रणाली, ‘रिझर्व्ह’मधले पुस्तक तासाभरासाठी घेणे या गोष्टी नव्या असतात. न समजून झालेली चूक इथे थेट शिस्तभंगात मोजली जाऊ शकते. ग्रंथपालाने त्याची ‘कहाणी’ विचारू नये, हा नियम अनुभवी लोक पहिल्यांदा सांगतात. मुलाखती आणि जबान्या देऊन तो आधीच थकलेला असतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी-व्हिसावर आलेल्यांच्या हजेरीची माहिती विद्यापीठाला सरकारला कळवावी लागते. आश्रयार्थी त्या व्हिसावर नसतात, त्यामुळे त्यांच्या वाचनाची नोंद कोणाला देण्याचे कारणच नाही. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले तर अर्धी भीती जाते.

छावणीत प्रश्न निराळा असतो. केनियातील दादाब छावण्या १९९१ पासूनच्या. तिथे २०१३ मध्ये टोरांटोचे यॉर्क विद्यापीठ, केनियाट्टा विद्यापीठ आणि इतरांनी मिळून पदवी-शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. विद्यार्थी विद्यापीठाच्या पटावर असल्याने परवान्याचा अडसर उरत नाही; अडते ते वीज आणि इंटरनेटपाशी. दहा एमबीचा लेख उतरवता उतरवता लाइन तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा ठिकाणी जोडणीविना चालणारा साठा उपयोगी पडतो. ‘किविक्स’ या प्रणालीने अख्खा विकिपीडिया एका लहानशा डिस्कवर नेता येतो. फ्रान्सच्या ‘सीमांशिवाय ग्रंथालये’ या संस्थेने फिलिप स्टार्क या आरेखकाकडून ‘आयडियाज बॉक्स’ करवून घेतले : पेट्या उघडल्या की टेबले, पुस्तके, टॅब्लेट आणि स्वतःचे वायफाय असलेले वाचनालय उभे राहते. २०१४ मध्ये बुरुंडीत, काँगोच्या निर्वासितांच्या छावण्यांत, ते पहिल्यांदा वापरले गेले. दिसायला देखणे आणि शाळकरी मुलांसाठी उत्तम. पदवीच्या विद्यार्थ्याला मात्र त्याच्या विषयाचे चालू वर्षाचे लेख हवे असतात आणि ते पेटीत मावत नाहीत.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरी तिबेटींच्या बाबतीत इथे जे झाले ते जगात दुर्मीळ आहे. सारनाथची उच्च तिबेटी अध्ययन संस्था (१९६७) आणि धरमशाळेचे तिबेटी ग्रंथ व अभिलेख ग्रंथालय (१९७०) ही निर्वासितांसाठी उघडलेली खिडकी नसून त्यांची स्वतःची ग्रंथालये आहेत. संस्कृतात नष्ट झालेले बौद्ध ग्रंथ तिबेटी अनुवादांवरून पुन्हा संस्कृतात आणण्याचे काम सारनाथला चालते, म्हणजे इथे यजमानच पाहुण्यांकडून आपली पुस्तके परत मिळवतो आहे.

पुण्यातले अफगाण विद्यार्थी निर्वासित म्हणून आले नव्हते. शिक्षणासाठी आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, काबूल पडल्यावर, त्यांतल्या अनेकांचे परतीचे दार बंद झाले. अशा विद्यार्थ्याची ग्रंथालयाशी गाठ पडते ती अभ्यासक्रम संपताना. बोनाफाईडची मुदत संपली की कार्ड संपते. अनामत रक्कम परत मिळवायला, आणि बऱ्याच ठिकाणी गुणपत्रक हाती यायलाही, ग्रंथालयाचा ‘नो ड्यूज’ शिक्का लागतो. घाईत गाव सोडलेल्याच्या नावावर एखादे पुस्तक राहिले तर तो शिक्का अडतो आणि दुसऱ्या देशात प्रवेश घेताना नेमके तेच गुणपत्रक मागितले जाते. हरवलेल्या पुस्तकाची किंमत माफ करून शिक्का देण्याचा अधिकार ग्रंथालय समितीने ग्रंथपालाला दिला, तर हे प्रकरण एका दुपारी मिटते.