चाकांवरच्या घराचा गारवा

मंडळी, चाकांवरचे घर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गाडीवर संसार लादून गावोगाव फिरणारे गाडीलोहार येतील. अमेरिकेत याच कल्पनेची मोटार झाली. तिच्यात बिछाना, चूल, मोरी, सारे काही असते; आणि छपरावर एक चपटी पेटी असते. तीच गारव्याचे यंत्र. गाडी वीसपंचवीस वर्षांची झाली की ही पेटी एके दिवशी नुसतीच गुणगुणते आणि ‘टक्’ करून गप्प बसते. पंखा फिरतो, पण वारा गरमच. मालक म्हणतो, ‘कॉम्प्रेसर गेला!’ पुष्कळ वेळा तो गेलेला नसतो. हे कसं, ते समजायला थोडे मागे जाऊ या.

कॉम्प्रेसर म्हणजे वायू दाबणारा पंप. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते ना? दाबलेला वायू तापतो. ती उष्णता बाहेर टाकली की त्याचा द्रव होतो. आणि तो द्रव पुढे मोकळ्या नळ्यांत सोडला की त्याची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. विलिस कॅरिअरने 1902 साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी गारव्याची योजना आखली, ती माणसांसाठी नव्हे, दमट हवेने फुगणाऱ्या कागदासाठी! पण अशी यंत्रे भक्कम पायावर ठाण मांडून बसलेली असत. रस्त्याचे हादरे त्यांना ठाऊकच नव्हते.

1939 च्या अखेरीस पॅकार्ड कंपनीने आपल्या 1940 च्या मोटारीत गारव्याचे यंत्र घालून दाखवले. इंजिनाच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर फिरे. तो बंद करायचा कसा? गाडी थांबवा, झाकण उघडा आणि पट्टा काढून ठेवा! मोटार महाग, त्यात हा उपद्व्याप. थोड्याच वर्षांत कंपनीने तो नाद सोडला.

खरी वाट काढली ती फ्रेडरिक जोन्स या गृहस्थाने. हा 1893 साली सिनसिनाटीत जन्मलेला कृष्णवर्णी मुलगा. लहानपणीच पोरका झाला, शाळा सहावीनंतर सुटली. मोटारी दुरुस्त करीत, पुस्तके वाचीत तो स्वतःच शिकला. शिक्षकबंधूंनी हे नाव वर्गात जरूर सांगावे. 1938 च्या सुमारास मिनियापोलिस शहरात तो सिनेमाची यंत्रे बनवणाऱ्या जोसेफ न्यूमेरो यांच्याकडे कामाला होता. त्या काळी मालमोटारीतून मांस किंवा कोंबड्या न्यायच्या तर बर्फ भरावा लागे; वाटेत बर्फ वितळला की माल नासे. जोन्सने मालमोटारीसाठी यंत्र बांधले आणि ते गाडीच्या पोटाखाली बसवले. तिथे ते धड चालेना. चिखल आणि धूळ थेट त्याच्यावर उडे. मग जोन्सने ते हलके केले आणि उचलून गाडीच्या कपाळावर, पुढच्या भिंतीवर उंच बसवले. तिथे ते चालले. दुसऱ्या महायुद्धात अशी यंत्रे रक्त, औषधे आणि अन्न थंड ठेवण्याच्या कामी आली. जोन्स 1961 साली वारला. राष्ट्राध्यक्षांच्या हातचे तंत्रविद्येचे राष्ट्रीय पदक त्याला मिळाले 1991 साली, म्हणजे मरणानंतर तीस वर्षांनी.

छपरावरच्या पेटीचे कूळ मात्र थोडे निराळे. तिचा पूर्वज घरातला रेफ्रिजरेटर. 1927 साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने जो रेफ्रिजरेटर विकायला काढला, त्यात मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात कायमचे बंद केलेले होते. पट्टा नाही, बाहेर डोकावणारा दांडा नाही. म्हणून त्या दांड्याभोवतीची गळतीही नाही. पण आत हात घालता येत नाही, हा त्याचा तोटा.

आता शेतकरी बंधूंनो, पुढचे तुम्हांला मी काय सांगावे! संध्याकाळी दाब उतरला की विहिरीवरची एकफेजी मोटर काय करते? गुणगुणते, तापते, उठत नाही. मोटारघराचे तेच. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची. लांबलचक बारीक वायर जोडून दाब 105 च्या खाली गेला की कॉम्प्रेसर उठत नाही, तापतो, आणि आतला रक्षक स्विच त्याला बंद करतो. तोच तो ‘टक्’. म्हणून आधी मीटर लावून दाब पाहायचा, तोही यंत्र चालू करताना. दाब ठीक असेल तर कपॅसिटर पाहायचा. मोटरला पहिला धक्का तोच देतो, आणि जुना झाला की दम सोडतो. वस्तू स्वस्त, पण वीज तोडल्यावरही तिच्यात भार साठून राहतो. तो उतरवल्याशिवाय हात लावाल तर जिवावर बेतेल. शिवाय छपरावरच्या जाळ्या धुळीने बुजल्या असतील तर उष्णता जाणार कुठे? जोन्सच्या पहिल्या यंत्राचे दुखणे इथेही भेटते.

वायूची गोष्ट वेगळी. जुन्या पेट्यांत बहुधा आर-22 नावाचा वायू असे. ओझोनचा थर राखण्यासाठी 1987 साली माँट्रियलचा करार झाला, त्यापायी 2020 पासून अमेरिकेत त्याचे नवे उत्पादन आणि आयात थांबली. त्यात या पेट्यांना वायू भरायचे तोंडच बहुधा ठेवलेले नसते.

हे सारे पाहून झाले, आणि मोटरच्या गुंडाळीची तार पोलादी डब्याला टेकली आहे असे मीटरने दाखवले, तर मात्र कॉम्प्रेसर खरोखरच गेला. मग अख्खी पेटीच उतरवायची. नवी बसवायला छप्पर कापावे लागत नाही. छपरातले चौदा इंची चौकोनी भोक ठरलेल्या मापाचेच असते. मुळात ते वारा येण्याजाण्याच्या झरोक्याचे माप.