पुलाखालचे जाळे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील पूल बांधणाऱ्यांमध्ये एक हिशेब रूढ होता: बांधकामावर दहा लाख डॉलर खर्च झाले, की एक मजूर दगावायचाच. यात कुणाला क्रौर्य वाटत नसे. पोलाद किती, सिमेंट किती, तशीच माणसे किती, हेही धरून चालत. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या गोल्डन गेट सामुद्रधुनीवर ५ जानेवारी १९३३ रोजी पुलाचे काम सुरू झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज साडेतीन कोटी डॉलरांचा होता. म्हणजे पस्तीस माणसे.

काळही असा, की माणूस स्वस्त झाला होता. महामंदीने लाखो हात रिकामे केले होते. पडलेल्याच्या जागी उभा राहणारा दुसरा सहज मिळत होता. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी अशा वेळी तो जुना हिशेब मोडावयाचे ठरविले, हे विशेष म्हटले पाहिजे. प्रत्येक मजुराच्या डोक्यावर कठीण टोपी आली. पहिल्या महायुद्धातील शिरस्त्राणावरून सुचलेली ही टोपी बुलर्ड कंपनीने आधी खाणकामगारांसाठी तयार केली होती. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे दिपू नयेत म्हणून चष्मे आले, कामाच्या जागी रुग्णालय आले. रात्रीची दारू उतरली नसेल, त्याला आंबवलेल्या कोबीचा रस पाजण्यात येई. त्याचा गुण कितपत येई हे पिणारेच जाणोत! परंतु खरा जाच निराळाच होता. उंचावर धाडस मिरवणे हा पोलादी सांगाडा उभारणाऱ्यांचा जुना अभिमान. येथे तसे केले, तर त्याच दिवशी कामावरून काढून टाकीत. मंदीत ही शिक्षा थोडी नव्हे.

धोका केवळ उंचीचाच नव्हता. ७४६ फूट उंचीच्या मनोऱ्यांच्या आतील अरुंद कोठड्यांत तापलेले रिव्हेट ठोकले जात. पोलादाला गंजू नये म्हणून शेंदराचा, म्हणजे शिशाचा, लेप दिलेला असे. त्याचा धूर श्वासावाटे जाऊन मजुरांना शिशाची विषबाधा झाली. डोक्यावरच्या टोपीचा तेथे उपयोग नव्हता.

मात्र या पुलाची ख्याती झाली ती जाळ्यामुळे. एक लक्ष तीस हजार डॉलर खर्चून दोरखंडाचे एक प्रचंड जाळे पुलाच्या तळाखाली बांधण्यात आले. ते दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट बाहेर येत असे. त्याने एकोणीस जणांना झेलले. वाचलेल्यांनी आपल्या मंडळाला 'नरकाच्या अर्ध्या वाटेवरचे मंडळ' असे नाव दिले. खाली जाळे आहे या भरवशाने मजुरांचे पाय स्थिर झाले आणि कामही झपाट्याने होऊ लागले. जाळ्याचा खर्च वायफळ म्हणणाऱ्यास याहून चोख उत्तर कोणते द्यावयाचे?

जवळजवळ चार वर्षांत एकही मजूर मृत्युमुखी पडला नाही. पहिला बळी २१ ऑक्टोबर १९३६ रोजी गेला. पुढे १७ फेब्रुवारी १९३७ या दिवशी बारा जण टांगत्या लाकडी मचाणावर उभे राहून काँक्रीटच्या फळ्या उतरवीत होते. अकस्मात मचाणाचा आधार सुटला. काही टनांचे ते ओझे जाळ्यावर आदळले. जाळे विणले होते ते तोल गेलेल्या माणसाला झेलण्यासाठी. ज्यावर माणसे उभी तेच कोसळेल, या कल्पनेने नव्हे. जाळे फाटत गेले आणि मचाण, माणसे व जाळे एकत्रच दोनशेहून अधिक फूट खाली पाण्यात गेली. दहा जण गेले, दोघे वाचले.

त्याच वर्षी २७ मे रोजी पूल पादचाऱ्यांसाठी खुला झाला. सुमारे दोन लाख लोक त्या दिवशी त्यावरून चालून गेले. पुलावरील स्मृतिफलकावर अकरा नावे आहेत.