बागेतला ट्रॅक्टर आणि तिसरे आठ तास

ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नसेल. अमेरिकेत त्याला 'गार्डन ट्रॅक्टर' म्हणतात. शेतावरच्या ट्रॅक्टरचे हे धाकटे भावंड. उंचीला माणसाच्या कमरेएवढे, बहुधा एका सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर चालणारे, ताकद सात ते बारा-चौदा अश्वशक्ती. घरामागच्या एक-दोन एकरांतले गवत कापावे, भाजीपाल्यासाठी जमीन नांगरावी, हिवाळ्यात दारातले बर्फ ढकलावे, एवढेच त्याचे काम. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत तयार झालेली ही यंत्रे भंगारातून उचलून आणणारी, महिनोन्‌महिने खपून ती चालू करणारी आणि मग चार समानधर्मी जमवून ती मिरवणारी पुष्कळ माणसे त्या देशात आहेत. हा नाद वरवर पाहता पोरकट वाटतो. कामगार चळवळीतल्या माणसाने त्यावर आपला तासभर घ्यावा असे त्यात काय आहे, असे आपण विचाराल. माझे उत्तर असे की, या छोट्या यंत्राच्या पत्र्याखाली संपांचा, टाळेबंद्यांचा आणि कामाच्या तासांचा इतिहास आहे.

प्रारंभ मात्र संपाने झालेला नाही. तो एका छायाचित्रकाराने केला. वेस्ट व्हर्जिनियातील डनबार गावच्या बेंजामिन ग्रेव्हली नावाच्या गृहस्थाने मोटारसायकलचे इंजिन नि इतर सुटे भाग जोडून हाताने धरून चालवायचा मोटार-नांगर बनविला आणि १९१६ साली त्याचे पेटंट मिळविले. ती मोटारसायकल 'इंडियन' नावाची होती. त्या नावाशी आपल्या देशाचा संबंध नाही. पुढे १९४६ साली इंडियाना राज्यातील साउथ बेंड शहरात एल्मर पाँड आणि त्याचा मुलगा सेसिल यांनी छोटे ट्रॅक्टर बांधावयास घेतले. त्यांचे पुढचे नाव 'व्हील हॉर्स'. गाडीच्या चाकालगत जुंपलेला, सर्वांत जास्त ओढ सोसणारा घोडा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या गाडीवानाला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

युद्धाहून परतलेल्या शिपायांना १९४४ च्या कायद्याने घरासाठी कर्ज मिळू लागले, शहरांच्या कडेने नवी वस्ती उठली, आणि घराभोवती अंगण आले. अंगण आले की गवत आले. परंतु गवत कापावयाला, वाफा नांगरावयाला वेळ कोठून आला? येथे आपल्याला साठ वर्षे मागे, शिकागोला गेले पाहिजे.

दिवसाचे तीन भाग करावेत, आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे, या मागणीसाठी १ मे १८८६ रोजी अमेरिकेतील कामगारांनी देशव्यापी संप पुकारला. ३ मे रोजी शिकागोतील मॅकॉर्मिक यांच्या कारखान्यासमोर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तेथे पीक कापण्याची यंत्रे तयार होत, आणि फेब्रुवारीपासूनच मालकाने जुन्या कामगारांना दार बंद केले होते. त्या गोळीबाराच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशी हे-मार्केट चौकात सभा झाली, बाँब पडला, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात चार पुढाऱ्यांना फाशी झाली. मे दिनाची ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. (आपल्याकडे मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. दोन्हीकडे भांडण एकच होते, घड्याळ कोणाचे.) फारसे कोणी सांगत नाही ते असे की, याच मॅकॉर्मिक कारखान्याचे १९०२ साली आणखी काही कारखान्यांशी एकत्रीकरण होऊन 'इंटरनॅशनल हार्वेस्टर' ही अवाढव्य कंपनी झाली, आणि याच कंपनीने पुढे बागेतल्या ट्रॅक्टरांपैकी सर्वांत गाजलेला ट्रॅक्टर काढला. १९३८ च्या कायद्याने आठवड्याचे तास टप्प्याटप्प्याने उतरत ऑक्टोबर १९४० पासून चाळीसवर आले, आणि त्यावरच्या तासाला दीडपट मजुरी ठरली. ज्या मागणीसाठी मॅकॉर्मिकच्या दारात माणसे पडली, ती पुरी झाल्यावर जो वेळ कामगाराच्या हाती आला, तो भरून काढण्याचे यंत्र त्याच घराण्याच्या कंपनीने त्याला विकले. भांडवलशाहीला विनोदबुद्धी नाही असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

हे हार्वेस्टर नाव आपल्यालाही परके नाही. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापली, आणि १९६५ पासून मुंबईला कांदिवलीत बी-२७५ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. महाराष्ट्रातल्या कित्येक शेतकऱ्यांनी पहिला ट्रॅक्टर पाहिला तो हा.

आता लुईव्हिल. केंटकी राज्यातील या शहरात युद्धकाळात विमाने तयार करणारा एक कारखाना होता. तो घेऊन हार्वेस्टरने १९४७ पासून तेथे 'फार्मॉल कब' हा आपला सर्वांत लहान शेती-ट्रॅक्टर बनविण्यास सुरुवात केली. दक्षिणेत कारखाना काढण्यामागे हेतू उघड होता. तेच काम, तेच यंत्र, पण मजुरी उत्तरेतल्या कारखान्यांपेक्षा कमी. कंपनीच्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. फार्म इक्विपमेंट वर्कर्स या डाव्या विचारांच्या संघटनेच्या २३६ क्रमांकाच्या शाखेत गोरे आणि काळे कामगार एकत्र आले. ज्या राज्यात शाळा निराळ्या, बागा निराळ्या, तेथे एका सभेत, एका बाकावर. १९४७ च्या सप्टेंबरात त्यांनी या मजुरीतल्या तफावतीविरुद्ध संप केला, तो सुमारे चाळीस दिवस चालला, आणि मजुरी वाढवून घेऊनच ते कामावर परतले. गोऱ्या कामगाराला कमी मजुरी देता येते ती काळ्याला त्याहून कमी देता येते म्हणून, एवढे साधे गणित ज्यांना कळले, त्यांनी हा कारखाना जिंकला. जात पाहून पाळी लावणाऱ्या खात्यांत मी संघटना बांधल्या आहेत, म्हणून या शाखेविषयी मला विशेष आदर आहे. १९५५ मध्ये ही संघटना युनायटेड ऑटो वर्कर्समध्ये विलीन झाली.

त्याच लुईव्हिलमध्ये १९६० च्या अखेरीस 'कब कॅडेट' निघू लागला. पिवळा नि पांढरा रंग, सात अश्वशक्तीचे इंजिन, पट्ट्याने चालणारी तीन गतींची गिअरपेटी, आणि मागच्या भागाचे पुष्कळसे दंतचक्र फार्मॉल कबवरूनच घेतलेले. शेतात वर्षानुवर्षे ओढायला केलेले गिअर गवत कापणाऱ्या यंत्रात बसविले, म्हणून ते आजही झिजत नाहीत. तीन वर्षांत सुमारे ६५,००० नग विकले गेले. हौशी मंडळी या पहिल्या नमुन्याला 'ओरिजिनल' म्हणतात.

इंजिन मात्र हार्वेस्टरचे नव्हे; ते कोहलरचे. विस्कॉन्सिनमधील कोहलर गावात या कंपनीचा न्हाणीघराची भांडी करण्याचा मोठा कारखाना आहे. इंजिने हा तेव्हा तिचा जोडधंदा होता. तेथे १९३४ च्या संपात दोन माणसे गोळीने मेली. ५ एप्रिल १९५४ ला पुन्हा संप झाला. कंपनीने बदली माणसे भरून कारखाना चालू ठेवला आणि संप सहा वर्षे चालला. १९६० साली कंपनीने कायदा मोडल्याचा निर्णय झाला, आणि १९६५ च्या डिसेंबरात थकलेली मजुरी नि निवृत्तिवेतन मिळून पंचेचाळीस लाख डॉलर देण्याचे कंपनीने कबूल केले. म्हणजे ज्या संघटनेचे सभासद लुईव्हिलमध्ये कोहलरचे इंजिन सांगाड्यावर बसवीत होते, त्याच संघटनेचा कोहलरशी तंटा चालू होता. व्हील हॉर्सच्या १९५८ च्या नमुन्यावरही कोहलरचे छोटे इंजिन मिळे; ते तर संप ऐन भरात असतानाचे. ओतीव बिडाचे हे इंजिन उत्तम आहे, याविषयी हौशी मंडळींत मतभेद नाही. संप फोडणाऱ्या हातांनी ओतलेले बीडही साठ वर्षे टिकले, हे मलाही नाकारता येत नाही.

दुरुस्ती कशी चालते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण खरी गोडी तेथेच आहे. गोठ्याच्या कोपऱ्यात तीस वर्षे पडलेल्या यंत्राचे इंजिन बहुधा जाम झालेले असते. प्लग काढून त्या भोकातून पातळ तेल सिलिंडरमध्ये सोडतात. काही जण अॅसिटोन आणि गिअरपेटीचे तेल निम्मेनिम्म घालतात. मग थांबावयाचे. चार दिवस, आठ दिवस. ज्याने घाई करून हातोडा उचलला त्याने पिस्टन फोडला. गंजलेले लोखंडी भाग साफ करण्याची रीत तर मोठी रम्य आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घालावयाचा, बॅटरी भारित करण्याच्या यंत्राचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक भंगारातल्या लोखंडी पट्टीला जोडावयाचे. रात्रभरात गंज सुटून पाण्यात येतो आणि मूळ लोखंड खरवडले जात नाही. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे उघड्यावर करावे. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातल्या क्रोमियमचे विष पाण्यात उतरते. पेट्रोलच्या टाकीत गंज असेल तर मूठभर नट टाकून ती खुळखुळवतात.

मग ठिणगी. कोहलरच्या या इंजिनात पॉइंट बाहेरच्या अंगाला बसविलेले आहेत. आतून एक छोटा दांडा त्यांना ढकलतो. चक्र न उतरविता, झाकणाचे स्क्रू काढले की पॉइंट समोर. पॉलिश कागदाने पुसावे, फट इंचाच्या वीस हजारांश ठेवावी, झाकण लावावे. सिलिंडर झिजला असेल तर लेथवाल्याकडून दहा हजारांश इंच मोठा बोअर करून मोठा पिस्टन घालता येतो. तोही झिजला तर वीस हजारांश, मग तीस. म्हणजे ज्याने हे इंजिन आखले त्याने ते तीनदा म्हातारे होईल हे धरले होते. अनेक नमुन्यांवर एकच विजेचे यंत्र पट्ट्याने इंजिन फिरवून सुरू करते आणि इंजिन चालू झाले की त्याच पट्ट्याने फिरून बॅटरी भारित करते. ही काटकसर मला फार आवडते.

एकट्याने हे सगळे कोणाला जमत नाही. एकाकडे लेथ असतो, दुसऱ्याला कार्बुरेटर कळतो, तिसऱ्याने जुनी माहितीपुस्तके जपलेली असतात आणि तो त्यांच्या प्रती काढून देतो. बंद झालेल्या भागांची मापे घेऊन नवे भाग घडविणारे आहेत. रंगावरून मात्र भांडणे होतात. कोणी म्हणतो नवाकोरा पिवळा द्या. कोणी म्हणतो उडालेला मूळ रंग तसाच राहू द्या, यंत्र मूळ स्थितीत एकदाच असते. मी दुसऱ्या पक्षाचा. पेनसिल्व्हेनियातील अॅरंट्सव्हिल येथे व्हील हॉर्सवाल्यांचा मेळा भरतो. शेकडो लाल यंत्रे ओळीने उभी राहतात. कोठे कोठे नांगरटीचा दिवस ठरतो. एखादा शेतकरी तुकडा मोकळा देतो आणि प्रत्येक जण आपापल्या यंत्राला एकफाळी नांगर लावून तास काढतो. धान्य पेरायचे नसते. तास सरळ आला की नाही, एवढेच पाहायचे असते.

आमच्या संघटनेत असे कामगार मी पाहिले आहेत की ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे एकाच भोकाला आटे पाडले, आणि ते भोक कोणत्या यंत्रात जाते हे त्यांना नीट ठाऊक नव्हते. हार्वेस्टरच्या पट्ट्यावरही कामाची वाटणी अशीच होती, शिवाय मजुरी नगावर. या छपरीत मात्र एकच माणूस ओतकामापासून रंगापर्यंत सगळे यंत्र डोक्यात धरतो, आणि पाठीमागे घड्याळ घेऊन कोणी उभा नसतो. कारखान्यात जे त्याला नाकारले ते तो तिसऱ्या आठ तासांत करतो.

हार्वेस्टरचा शेवट झाला तो असा. १ नोव्हेंबर १९७९ ला सुरू झालेला संप १७२ दिवस चालला. १९८१ मध्ये कंपनीने कब कॅडेट क्लीव्हलंडच्या एमटीडी या कंपनीला विकला आणि १९८५ मध्ये शेतीयंत्रांचा सगळा धंदा केस कंपनीच्या मालकांना देऊन टाकला. संपानेच कंपनी बुडविली असे व्यापारी पत्रांनी लिहिले. कर्जाचा डोंगर, चढलेले व्याजदर आणि शेतमालाचे पडलेले भाव यांचा उल्लेख त्यापुढे फिका पडतो. मोठमोठ्या दुकानांत पातळ पत्र्याची, स्वस्त यंत्रे येऊ लागली, ज्यांची गिअरपेटी उघडण्यासाठी केलेलीच नसते. बिघडली की संपूर्ण बदला.

मोठ्या ट्रॅक्टरांत तर आता संगणक आहे, आणि त्याचे कुलूप उघडण्याची किल्ली कंपनीच्या माणसाकडे असते. शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा अमेरिकेत सर्वप्रथम कोलोरॅडो राज्याने २०२३ साली केला. तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाने याच कारणावरून जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. कोहलरच्या जुन्या इंजिनाच्या माहितीपुस्तकात पॉइंटच्या फटीपासून पिस्टनच्या रिंगेपर्यंत सारी मापे छापलेली आहेत, आणि ते वाचण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.