गर्भिणीचे रक्त आणि हजेरीपट

टाउन हॉलजवळच्या सी. पी. आर. दवाखान्याचे मूळ नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तेथील स्त्रियांच्या विभागावर १८८६ साली कोल्हापूर दरबारने डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, तेव्हापासून त्यांचे मन वैद्यकीकडे लागले होते. अमेरिकेत पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तोही हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरला मात्र त्या पोचल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या येथे आल्या असत्या, तरी आजच्या आमच्या विषयावर त्यांच्या हाती काही औषध नव्हते. गर्भारपणात रक्त नको तेथे गोठते आणि हवे तेथे गोठत नाही, हा तो विषय.

युनियनच्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे श्रोत्यांना वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, आणि डॉक्टरमंडळींना प्रश्न विचारून त्रास देण्यात झाले. हा विषय तर आमच्याकडे हजेरीपटातून आला. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने एका बाईला कामावरून काढले. कारण, वारंवार खाडे. आम्ही हजेरीपट मागवून मोजत बसलो. तीन वर्षांत तीन वेळा, दर खेपेस आठ-दहा दिवस. बाई मान खाली घालून गप्प. अखेर सासू बोलली, "दिवस ऱ्हात्यात दादा, पर टिकत न्हाईत."

निसर्गाची व्यवस्था अशी की, गर्भिणीचे रक्त एरवीपेक्षा लवकर गोठते. बाळंतपणात वार सुटताना स्राव आवरावा, म्हणून ही आगाऊ तरतूद. पण ती कधी उलटते. पायाच्या शिरेत गाठ धरते, आणि ती फुफ्फुसात गेली तर बाई दगावते. बाळंतिणीचा पाय पांढरा पडून सुजला, की अठराव्या शतकातले युरोपी वैद्य म्हणत, दूध पायात उतरले! गाठ शिरेतून सुटून फुफ्फुसात जाते, हे जर्मन डॉक्टर फिर्खो यांनी १८५६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. (याच गृहस्थांनी १८४८ साली सायलेशियातील तापाच्या साथीचा दोष दारिद्र्यावर ठेवला होता, म्हणून आमचा त्यांच्यावर अंमळ लोभ आहे.)

उलट प्रकारही आहे. वार अकाली सुटली, तर रक्तातले गोठणारे द्रव्यच संपते आणि स्राव थांबत नाही. शिकागोच्या डॉ. डीली यांनी १९०१ साली हे नोंदले. याची परीक्षा अगदी साधी. कोरड्या काचनळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन मुठीच्या उबेत धरायचे. सात मिनिटांत घट्ट गाठ झाली नाही, तर प्रसंग बाका.

आमच्या बाईचे दुखणे तिसरेच निघाले. काही स्त्रियांच्या रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. त्यांनी गाठी होतात, वारेचे काम बिघडते, गर्भ पुन्हापुन्हा पडतो. लंडनच्या डॉ. ह्यूज यांनी १९८३ साली या रोगाचे वर्णन केले. १९९७ साली तेथील ९० स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. नुसते ॲस्पिरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी १९ जणींना मूल झाले. जोडीला हेपॅरिनची इंजेक्शने घेणाऱ्या ४५ पैकी ३२ जणींना. परळला के. ई. एम.च्या आवारात १९५७ साली रक्तगटांचे केंद्र म्हणून निघालेल्या संस्थेतही पुढे यावर संशोधन झाले. प्रत्येक गर्भपाताचे कारण हेच असते असे नव्हे; पुष्कळदा दोष गर्भाच्या घडणीतच असतो. म्हणूनच डॉक्टर विचारतात, किती वेळा? कितव्या आठवड्यात? रक्तही बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासतात.

आता, या प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असायची कोठे? प्रसूती रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी कौन्सिलात डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते. १९६१ च्या कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि २०२० च्या संहितेतही ती आहे. दाखला मात्र हवा. तिन्ही खेपांना आमच्या बाईने तो घेतला असता, तर रजाही मिळती आणि तारखाही राहत्या. कारखान्याने खाडे मांडले. आम्ही तरी कोठे कधी विचारले होते?

तिला कामावर परत घेतले. तपासणीत प्रतिद्रव्ये निघाली, आणि रोज पोटात सुई टोचून घेत चौथ्या खेपेस ती बाळंत झाली. पोरगी आता बालवाडीत जाते. मधल्या महिन्यांच्या पगाराचा दावा अजून चालूच आहे.