गुन्हेगार जमाती कायदा

जन्माने विशिष्ट जमातीत असणे हाच गुन्हेगारीचा पुरावा मानणारा ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा (१८७१–१९५२).

जातिव्यवसाय बापाकडून मुलाकडे येतो, तशी गुन्हेगारीही येते, हे त्यामागील गृहीतक (पहा : ठगी; जातिसंस्था). प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. मूळ कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंद, स्त्रीवेश व सार्वजनिक नृत्य यांवरील निर्बंध होते.

सरकारी अधिसूचनेत नाव आलेल्या जमातीतील व्यक्तीला नोंदणी, हजेरी आणि प्रवासासाठी परवाना सक्तीचा होई. अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. त्यामुळे एखाद्या पारध्याने किंवा कैकाड्याने स्वतः काय केले, हा प्रश्न नोंदणीच्या वेळी उद्‌भवतच नसे. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणातील वसाहतीत ठेवले जाई. तेथील अनेकजण कापडगिरण्यांत काम करीत. ‘सेटलमेंट’ हे त्या भागाचे नाव आजही रूढ आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या (पहा : भटक्या-विमुक्त जमाती). १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यात जमातीऐवजी व्यक्तीला झालेल्या शिक्षा हा निकष आला. कागदावरचा हा बदल मूलगामी होता. पोलिसी संशय मात्र जमातीवरच राहिला. लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या (१९८७) हे आत्मकथन याच अनुभवाचे आहे (पहा : दलित साहित्य). असा संशय कारागृह नियमावल्यांतही होता; त्यांतील जातीवर आधारित तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या.