ॲपमध्ये फॉन्ट टाकला, पण दिसत नाही? आधी हे तपासा

डिझायनरने फॉन्ट दिला, तुम्ही तो ॲपमध्ये टाकला, एररही आली नाही. पण स्क्रीनवर अक्षरं मात्र नेहमीचीच! असं का होतं?

कारण फॉन्ट सापडला नाही, तर मोबाइल बहुतेक वेळा तक्रार करत नाही. तो गुपचूप स्वतःचा फॉन्ट वापरतो. त्यामुळे चूक आपल्यालाच शोधावी लागते.

आयफोन

फॉन्टची फाइल ॲपच्या टार्गेटमध्ये हवी. शिवाय तिचं नाव एक्स्टेन्शनसकट 'इन्फो डॉट पीलिस्ट'मध्ये नोंदवावं लागतं. कोडमध्ये मात्र फॉन्टचं पोस्टस्क्रिप्ट नाव चालतं. ते फाइलच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं. मॅकवरच्या 'फॉन्ट बुक'मध्ये ते दिसतं.

अँड्रॉइड

रिसोर्सच्या 'फॉन्ट' फोल्डरमधल्या फाइलच्या नावात फक्त छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात. कॅपिटल अक्षर किंवा हायफन असेल, तर ॲप बिल्डच होत नाही.

फ्लटर

'पबस्पेक डॉट यॅमल'मध्ये ओळीआधीची एखादी स्पेस चुकली, तरी फॉन्ट लागत नाही. दुरुस्तीनंतर हॉट रीलोडवर थांबू नका. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा चालवा.

इंग्रजी बदललं, मराठी नाही?

मग त्या फॉन्टमध्ये देवनागरी आहे का ते बघा. उदाहरणार्थ, माँटसेराटमध्ये देवनागरी नाही. मुक्ता, पॉपिन्स आणि बालू २ मध्ये आहे. हे तिन्ही फॉन्ट मोफत असून मुक्त परवान्याखाली मिळतात. फाइल हलकी करताना कुणी देवनागरी अक्षरंच काढून टाकलेली नाहीत ना, हेही तपासा.

फॉन्ट लागला, तरी काम संपत नाही. ओळीची उंची कमी ठेवली, तर वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषा तुटते. बोल्डची वेगळी फाइल दिली नाही, तर फोन साधंच अक्षर जाड करतो आणि जोडाक्षरं बुजतात.

शेवटी एक सोपी चाचणी: 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द शेजारी लिहा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दोन्ही नीट आणि वेगवेगळे दिसायलाच हवेत. ही चाचणी खऱ्या फोनवर, रिलीजच्या आधी करा. फक्त इंग्रजीत तपासलेलं ॲप मराठी वाचकासाठी तपासलेलंच नसतं.