सिगारेटचे साधे वेष्टन
साधे वेष्टन, अर्थात प्लेन पॅकेजिंग, म्हणजे सिगारेटच्या पाकिटावरील बोधचिन्ह, आकर्षक रंग व सजावट यांना कायद्याने मज्जाव करण्याची पद्धत. अशा पाकिटावर ब्रँडचे नाव ठरावीक टंकात छापले जाते. नजरेत भरेल असा उरतो तो आरोग्यविषयक इशाराच. १ डिसेंबर २०१२ पासून ऑस्ट्रेलियाने ही पद्धत जगात सर्वप्रथम पूर्णतः अमलात आणली. तेथील पाकिटांसाठी मुद्दाम अनाकर्षक असा मळकट तपकिरी रंग निवडण्यात आला आणि इशाऱ्याला दर्शनी बाजूचा ७५ टक्के, तर मागील बाजूचा ९० टक्के भाग देण्यात आला.

ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोळ्यांच्या हालचाली नोंदवून साध्या व सजवलेल्या पाकिटांची तुलना केली होती. धूम्रपान न करणारे व अधूनमधून करणारे यांची नजर साध्या पाकिटावर इशाऱ्याकडे अधिक वेळा वळली. रोज ओढणाऱ्यांत मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे ज्यांना इशाऱ्याची सर्वाधिक गरज, त्यांच्यावरच वेष्टनातील बदलाचा परिणाम दिसला नाही.

भारतात साधे वेष्टन सक्तीचे नाही; मात्र १ एप्रिल २०१६ पासून सचित्र इशाऱ्याने पाकिटाच्या मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापणे बंधनकारक आहे. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट, पर्यायाने इशारा, येतच नाही. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट व बिडीच्या विक्रीवर बंदी घातली.